"मामा, हे परत परत तेच करतंय!" : एका खेळण्यातून पहिलं कार्टून कसं निघालं

मे २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला वेव्हज नावाची मनोरंजन क्षेत्राची मोठी परिषद झाली, मग मुंबईतच अॅनिमेशन आणि गेमिंग शिकवणारी संस्था सरकारच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि तेव्हापासून आमच्या ताईच्या घरी हा विषय काही थांबेना. ताई ठाण्याजवळ खारेगावला राहते, तिची मुलगी सहावीत आहे आणि हाताने चित्रं खरंच छान काढते. परिषदेच्या महिनाभर आधी सगळ्यांनी आपापले फोटो एआयला देऊन जपानी कार्टूनसारखे करून घेतले होते, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर आजीपासून सगळ्यांचे डीपी बदलले होते. त्यामुळे भावोजींचा प्रश्न होता की हे सगळं मशीनच करणार असेल तर पोरीने हाताने चित्रं काढून करायचं काय. आणि भाचीचा प्रश्न अगदीच वेगळा होता, "मामा, पण चित्र हलतं कसं?"

मला भाचीचा प्रश्न आधी घ्यावासा वाटला, कारण त्याचं उत्तर कळलं की भावोजींच्या प्रश्नाकडे पण जरा वेगळ्या नजरेने बघता येतं. आणि हे उत्तर शोधताना एका माणसाची गोष्ट सापडते जी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. एमील रेनो. फ्रेंच माणूस, मूळचा खेळणी बनवणारा, त्याने लोकांना पडद्यावर हलती चित्रकथा दाखवली आणि ती पण सिनेमा जन्माला यायच्या तीन वर्षं आधी. दरवर्षी २८ ऑक्टोबरला जगभर अॅनिमेशन दिवस साजरा करतात ना, तो त्याच्याच पहिल्या खेळाची तारीख म्हणून.

आधी हे बघू, चित्र हलतं म्हणजे नक्की काय होतं

अॅनिमेशन म्हणजे एकापाठोपाठ एक थोडी थोडी वेगळी स्थिर चित्रं दाखवून हालचाल भासवणं. बस एवढंच. पडद्यावर काहीही हलत नसतं, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं.

गणपतीत तलावपाळीच्या बाजूला रोषणाई करतात तेव्हा बघा, कमानीवर दिवे पळताना दिसतात. एक उजेडाचा ठिपका इकडून तिकडे धावत जातो. पण दिवा जागचा हललेला नसतो, एक विझतो आणि शेजारचा लागतो एवढंच, आणि आपण मात्र शपथेवर सांगू की उजेड पळाला. कार्टून हे याच गोष्टीचं मोठं रूप आहे, दिव्यांच्या जागी चित्रं.

आता शाळेत आपल्याला शिकवलं होतं की डोळ्यात चित्र क्षणभर टिकून राहतं, त्याला दृष्टिसातत्य म्हणायचे, आणि म्हणून चित्रं जोडली जाऊन हलताना दिसतात. हे अर्धंच उत्तर आहे. कारण विचार करा, नुसतं टिकून राहत असतं तर पहिल्या चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं असा सगळा गिचमिड काला दिसला असता, हालचाल दिसली नसती. हालचाल डोळा नाही, मेंदू तयार करतो. आत्ता हात इथे होता, आता जरा वर आहे, म्हणजे तो वर गेला असणार, असं मेंदू स्वतःच मधली जागा भरून टाकतो. जर्मनीतल्या माक्स वेर्थहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये यावर निबंध लिहिला, आणि असं सांगतात की हा विचार त्याला रेल्वेच्या प्रवासात सुचला आणि तो मधेच फ्रँकफर्टला उतरला आणि प्रयोगासाठी त्याने दुकानातून काय घेतलं तर चित्रं हलवणारं मुलांचं खेळणं. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या खेळण्याने पोरं रमत होती त्याच खेळण्यातून मेंदूचा अभ्यास पुढे गेला.

पण मेंदूने मधली जागा भरावी यासाठी एक अट आहे. प्रत्येक चित्र सुटं सुटं दिसलं पाहिजे, पुढच्यात मिसळता कामा नये. चित्रांची पट्टी डोळ्यासमोरून नुसती सर्रकन ओढली तर काही दिसत नाही. ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं असताना न थांबणारी मेल धडधडत जाते, खिडकीत माणसं बसलेली असतात पण आपल्याला एकाचाही चेहरा धड दिसत नाही, फक्त पट्टे दिसतात. तसंच. म्हणजे चित्र वेगाने बदललं पाहिजे, पण प्रत्येक चित्र डोळ्याला क्षणभर थांबल्यासारखं वाटलं पाहिजे. पुढचे सगळे शोध या एका अडचणीवरचे आहेत.

फटीतून बघायची खेळणी

१८३२ च्या सुमारास बेल्जियमच्या जोसेफ प्लातोने एक चकती बनवली. कडेने चित्रं, मधे फटी, चकती आरशासमोर फिरवायची आणि फटीतून आरशात बघायचं. फट डोळ्यासमोर आली की एक चित्र दिसतं, फट गेली की काळं, परत फट, परत पुढचं चित्र. झाली चित्रं सुटी सुटी. १८३४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हॉर्नरने त्याच कल्पनेचा डबा सुचवला, ज्याला नंतर झोट्रोप नाव पडलं. गोल डबा, आतून चित्रांची पट्टी, वर फटी. हे खेळणं १८६० नंतर खूप खपलं.

आम्ही घरी आधी हेच करून बघितलं. केक सजवायचा फिरता स्टँड ताईकडे होता, त्यावर काळ्या कार्डशीटचा गोल डबा, कटरने फटी पाडल्या, आणि भाचीने बारा चित्रं काढली, बेडूक उडी मारतोय. फिरवलं. बेडूक उडाला! पण अंधुक दिसत होता आणि अंगाने बारीक झालेला, जसं काही दोन्ही बाजूंनी कोणी दाबलाय. टेबललॅम्प जवळ आणला तरी फार फरक नाही. कारण उघड आहे, फट जेवढी बारीक तेवढं चित्र स्पष्ट, पण तेवढाच उजेड कमी. फट रुंद केली की उजेड येतो आणि चित्र फिसकटतं. एक सुधारावं तर दुसरं बिघडतं, आणि या पेचात ही खेळणी चाळीसेक वर्षं अडकली होती.

बिस्किटाचा डबा आणि बारा आरसे

रेनोचा जन्म ८ डिसेंबर १८४४ चा, पॅरिसजवळच्या माँत्रय गावचा. (बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती १६ एप्रिल १८५३ ला, तेव्हा हा आठ वर्षांचा होता, म्हणजे काळ लक्षात येईल.) वडील धातूवर कोरीवकाम करणारे आणि यंत्राचे जाणकार, आई आधी शिक्षिका होती आणि चित्रकलेतली. म्हणजे एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात ब्रश घरातूनच आला. कमी वयात तो पॅरिसमध्ये शास्त्रीय उपकरणं बनवणाऱ्यांकडे कामाला लागला, मग फोटो स्टुडिओत फोटोंवर हात फिरवायचं काम केलं, मग फादर म्वान्यो नावाच्या धर्मगुरूंकडे, जे सामान्य लोकांसाठी विज्ञानाची व्याख्यानं द्यायचे आणि ती देताना मॅजिक लँटर्नने, म्हणजे दिव्यासमोर काच धरून भिंतीवर चित्र पाडणाऱ्या कंदिलाने, चित्रं दाखवायचे. तो कंदील रेनो सांभाळायचा. १८६५ मध्ये वडील गेले आणि तो ल पुई या गावी गेला, तिथे स्वतः विज्ञानाची व्याख्यानं द्यायला लागला.

तिथेच १८७६ मध्ये त्याने एका लहान मुलाला रमवण्यासाठी जुन्या बिस्किटाच्या डब्यातून एक खेळणं जोडलं. फटीचा पेच त्याने असा सोडवला की फट काढूनच टाकली. त्याऐवजी डब्याच्या मधोमध बारा छोट्या आरशांचं गोल उभं केलं. डब्याच्या आतल्या भिंतीला बारा चित्रांची पट्टी, आणि डबा फिरवला की आरसे पण बरोबर फिरतात. आपण वरून आरशात बघायचं. एक आरसा समोरून सरकला की दुसरा येतो, प्रत्येकात एकच चित्र, काळोख मधे नाहीच. १८७७ मध्ये पेटंट घेतलं, नाव ठेवलं प्रॅक्सिनोस्कोप, ग्रीक शब्दांवरून, अर्थ साधारण "कृती दाखवणारा".

आता यात खरी बुद्धी कुठे आहे ते सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी "आरसे लावले" एवढंच लिहून सोडून देतात आणि मला आधी कळतच नव्हतं की आरसा पण फिरतोय आणि चित्र पण फिरतंय तर चित्र थांबल्यासारखं का दिसावं. उत्तर अंतरात आहे. आरशासमोर आपण जेवढ्या अंतरावर उभे असतो तेवढंच आत आपलं प्रतिबिंब दिसतं, हे सगळ्यांना माहितीये. रेनोने आरसे डब्याच्या मध्यापासून भिंतीच्या बरोबर निम्म्या अंतरावर ठेवले. समजा भिंत मध्यापासून १० सेंटीमीटर आणि आरसा ५ वर. म्हणजे चित्र आरशापासून ५ सेंटीमीटर दूर, मग प्रतिबिंब आरशाच्या मागे ५ सेंटीमीटरवर, आणि ते बरोबर कुठे येतं? डब्याच्या मध्यावर. आणि फिरत्या वस्तूचा मध्यबिंदू सरकत नाही. पंख्याची पाती गरगर फिरतात पण मधला दांडा जागच्या जागी असतो, तसं. म्हणून चित्र मधे स्थिर उभं दिसतं, हळूच जागच्या जागी जरासं वळतं आणि तोवर त्याची जागा पुढचं चित्र घेतं.

आम्ही जांभळी नाक्याजवळच्या फ्रेमवाल्याकडून आरशाच्या पातळ अॅक्रिलिकचा तुकडा आणला आणि २.७ सेंटीमीटर रुंदीच्या बारा पट्ट्या कापून घेतल्या. डबा २० सेंटीमीटर व्यासाचा, त्यामुळे पट्टीवर प्रत्येक चित्राला सव्वापाच सेंटीमीटर जागा मिळते. एक आरसा जरासा तिरका चिकटला होता तर दर फेरीला बेडूक एकदा उचकी लागल्यासारखा उडायचा, तो काढून परत लावला. आणि मग फिरवलं. ट्यूबलाइटच्या उजेडात, कुठे डोळा लावायला नको, कोणी दाबलेला नाही, हिरवागार बेडूक डब्याच्या मधोमध हवेत उड्या मारतोय. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिली. मोबाइलवर हजारो व्हिडिओ बघणारं घर आहे, पण सगळे त्या डब्याभोवती गोळा झाले होते.

खेळणं चांगलं खपलं. रेनो पॅरिसला परत आला, कारखाना काढला, १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची दखल घेतली गेली, मोठमोठ्या दुकानांत ते ठेवलं जायचं. पट्ट्या रंगीत छापलेल्या असायच्या, मुलगी दोरीउड्या मारतेय, साबणाचे फुगे उडवतेय वगैरे.

"मामा, हे परत परत तेच करतंय"

दहा मिनिटांनी भाची म्हणाली ते हे वाक्य. बेडूक उडी मारतो, खाली येतो, परत उडी मारतो, तो कधी तळ्यात जातच नाही. बारा चित्रं संपली की परत पहिलं. म्हणजे हालचाल आहे, पण गोष्ट नाही.

अगदी हाच प्रश्न रेनोपुढे पण होता आणि त्याची पुढची बारा वर्षं यात गेली. आधी १८७९ मध्ये त्याने खेळण्यालाच छोटा रंगमंच लावला, मग १८८० मध्ये कंदील जोडून चित्र पडद्यावर पाडलं. पण डबा तो डबा, गोल फिरून तिथेच येणार. शेवटी त्याने गोल सोडलाच. चित्रांची पट्टी लांब केली, एका रिळावरून सुटून दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाईल अशी, जशी आपली जुनी कॅसेट असायची. प्रत्येक चित्र जिलेटिनच्या पारदर्शक चौकोनावर हाताने रंगवलेलं, चौकोन एकमेकांना जोडलेले, आणि मधे मधे भोकं, जी चाकाच्या खुंट्यांत अडकायची म्हणजे पट्टी घसरत नाही आणि चित्र आणि आरसा यांचा मेळ चुकत नाही. १८८८ च्या डिसेंबरात याचं पेटंट घेतलं. यंत्राचं नाव थेआत्र ऑप्टिक, म्हणजे प्रकाशाचं नाटकघर.

अजून एक गोष्ट त्याने केली जी पुढे सगळ्या कार्टूनवाल्यांनी वेगळ्या रीतीने वापरली. पार्श्वभूमी वेगळी ठेवली. एक कंदील फक्त घर, बाग, भिंत असं मागचं चित्र पाडायचा, दुसरा हलणारी पात्रं. पट्टीवर पात्राच्या भोवती काळा रंग, त्यामुळे तिथून उजेड जायचा नाही. म्हणजे प्रत्येक चित्रात बाग परत काढायची गरज नाही. जो कोणी आजही अॅनिमेशन शिकायला जातो त्याला पात्र आणि पार्श्वभूमी वेगळे थर असतात हे पहिल्या दिवसांतच शिकवतात.

२८ ऑक्टोबर १८९२

पॅरिसमध्ये मेणाच्या पुतळ्यांचं ग्रेव्हँ संग्रहालय आहे, आजही आहे. तिथल्या छोट्या हॉलमध्ये त्या दिवशी पहिला जाहीर खेळ झाला. तीन चित्रकथा होत्या, त्यातली "पोव्हर प्येरो", म्हणजे बिचारा प्येरो, आज पण बघायला मिळते. ५०० चित्रं, ३६ मीटरची पट्टी. रात्रीची बाग, एक मुलगी, तिच्यावर जीव असलेले दोन जण, त्यातला एक लपून दुसऱ्याला काठीने सतावतो. संगीत गास्ताँ पोलँ याने खास या चित्रांसाठी दिलेलं. आणि पट्टीवर ठराविक जागी धातूचे तुकडे होते, ते आले की विजेच्या चुंबकाने ठोका पडायचा, म्हणजे पडद्यावर काठी बसली की आवाज पण तेव्हाच. १८९२ मध्ये!

आता इथे गणित करणारे वाचक विचारतील, ५०० चित्रं सेकंदाला बारा या वेगाने चालवली तर पाऊण मिनिटात संपणार, मग खेळ दहा-पंधरा मिनिटं कसा चालायचा. बरोबर प्रश्न आहे, आणि मला वाटतं रेनोचा खरा मोठेपणा इथे आहे. तो पट्टी सरळ चालवून मोकळा होत नसे. पडद्यामागे बसून दोन्ही हातांनी रिळं फिरवायचा, पुढे न्यायचा, थांबवायचा, मागे आणायचा, परत पुढे. प्येरो दाराशी येतो, थबकतो, मागे जातो, पुन्हा येतो, तीच चित्रं पण दर वेळी जरा वेगळी वाटतील अशी. कीर्तनकार एकच ओळ घोळवून घोळवून म्हणतो ना, समोर कसे लोक बसलेत ते बघून कुठे ताणायचं कुठे सोडायचं ठरवतो, तसं हे होतं. म्हणजे ते यंत्र कमी आणि वाद्य जास्त होतं.

हे खेळ मार्च १९०० पर्यंत चालले. साधारण १२,८०० खेळ आणि पाच लाखांवर प्रेक्षक असा हिशोब सांगितला जातो.

"पण कंदिलाचे खेळ तर आपल्याकडे पण होते"

हो, होते, आणि याचा मला फार अभिमान आहे कारण ते आपल्या ठाणे जिल्ह्यातलेच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी त्याच साली, १८९२ मध्ये, "शांबरिक खरोलिका" नावाने असे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी, खरोलिका म्हणजे कंदील. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, एकाहून जास्त कंदील, बरोबर कथन आणि संगीत, आणि पौराणिक कथा. पुढे त्यांच्या मुलांनी पण हे चालवलं. काच पटकन बदलून किंवा एक कंदील मंद करून दुसरा वाढवून हालचालीचा भास ते करायचे. कल्याण आणि पॅरिस, एकच साल, दोन्हीकडे अंधारात बसलेले लोक आणि हाताने रंगवलेली माणसं पडद्यावर, हे कोणी आम्हाला शाळेत का नाही सांगितलं असं मनापासून वाटतं.

फरक आहे तो चित्रांच्या संख्येत आणि सलगपणात. खरोलिकेत काचा बदलत गोष्ट पुढे जायची, रेनोकडे एका सलग पट्टीवर शेकडो चित्रं होती. म्हणून कार्टूनचा धागा त्याच्यापासून मोजतात. यात एक छोटा आणि एक मोठा असं काही नाही.

"मग सिनेमा ल्युमिएर बंधूंनी काढला असं का म्हणतात? त्यांनी चोरलं का?"

चोरलं असं म्हणता येणार नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हे कळलं तर बाकी सगळं कळतं. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून जे दाखवलं ते फोटो होते. कॅमेऱ्यासमोर जे घडलं ते पट्टीवर उतरलं. त्याआधी १८९४ पासून एडिसनचं यंत्र होतंच, पण त्यात एका वेळी एकाच माणसाने डोळा लावून बघायचं. ल्युमिएरचा खेळ तर ७ जुलै १८९६ ला आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचला सुद्धा, सहा महिन्यांत!

आणि रेनोचा खेळ पॅरिसच्या त्या एका हॉलमधून बाहेर पडला नाही. का, तर नक्कल. ल्युमिएरची एक फिल्म असली की तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढा आणि जगभर पाठवा. रेनोची पट्टी हाताने रंगवलेली, एकुलती एक. घरगुती मसाल्यासारखं समजा, आजी वर्षाला चार किलो करते, चव कोणाला जमणार नाही, पण बाजार भरणार कारखान्याच्या पाकिटांनी. गंमत म्हणजे खेळण्याच्या पट्ट्या छापील होत्या म्हणून खेळणं खपलं, आणि नाटकघरात जी त्याची सगळ्यात सुंदर कामं होती ती छापता येत नव्हती. संग्रहालयाशी करार होता महिना ५०० फ्रँक आणि गल्ल्यातला दहा टक्के वाटा, पण रोजचे खेळ त्यानेच करायचे, पट्ट्या फाटल्या तर दुरुस्ती त्यानेच करायची, आणि दुसरीकडे हे द्यायचं नाही. रोज खेळ करणाऱ्या माणसाने नवीन ५०० चित्रं रंगवायची कधी?

पेटंट होतं की मग, असं कोणी म्हणेल. पेटंट म्हणजे तुमची रीत दुसऱ्याने काही वर्षं वापरायची नाही एवढा कागद. पण समोरचा वेगळ्याच रीतीने तुमचं गिऱ्हाईक घेऊन गेला तर तो कागद काय करणार. फोटोची फिल्म ही वेगळी रीत होती. रेनोने पण मग १८९६ मध्ये कॅमेरा हातात घेतला, विदूषकांच्या जोडीचे फोटो काढून त्यावर रंगकाम करून खेळ केले, पण तोवर लोकांची नजर पुढे गेली होती.

शेवट

हे लिहायला जड जातं. १९१० च्या सुमारास, हातात पैसा नाही, कोणी विचारत नाही, अशा अवस्थेत त्याने आपलं यंत्र हातोड्याने फोडलं. आणि बहुतेक सगळ्या पट्ट्या सेन नदीत टाकून दिल्या. एकेक चौकोन स्वतः रंगवलेला. आज दोनच उरल्यात, बिचारा प्येरो आणि १८९४ ची समुद्रकिनाऱ्यावरची एक, ६३६ चित्रांची. ९ जानेवारी १९१८ ला पॅरिसजवळच्या इव्हरी गावच्या रुग्णालयात तो गेला.

त्या दोन पट्ट्या २०१५ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतीच्या यादीत घेतल्या.

त्याच्या हयातीतच कार्टून परत उभं राहिलं होतं, हे मात्र सांगायलाच हवं. १९०८ मध्ये एमील कोल या फ्रेंच चित्रकाराने शेकडो चित्रं कागदावर काढून एकेकाचा फोटो फिल्मवर घेतला. म्हणजे चित्रं रेनोसारखी हाताची, आणि प्रती ल्युमिएरसारख्या हव्या तेवढ्या. जे रेनोला जमलं नव्हतं ते दोन रीती एकत्र आल्यावर झालं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी पण १९१५ मध्ये आगकाड्या एकेक जागा सरकवून, प्रत्येक वेळी एक फोटो घेऊन, त्या हलताना दाखवल्या होत्या.

"बरं, पण एआयचं काय?"

भावोजींचा प्रश्न. मी त्यांना जे बोललो तेच इथे लिहितो. अॅनिमेशनमध्ये एआय आता दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं पण भरून देतं, आणि ते काम आधीपासूनच वाटून दिलं जातं. मोठ्या स्टुडिओत मुख्य चित्रकार महत्त्वाच्या क्षणांची चित्रं काढतो आणि मधली चित्रं शिकाऊ माणसं भरायची, नंतर ते बरंचसं कॉम्प्युटरकडे गेलं. ज्यांचं पोट त्या मधल्या चित्रांवर आहे त्यांच्या कामावर गदा येतेच आहे, ते खोटं नाही, आणि मी कोणाला खोटा धीर देणार नाही. रेनोला पण यंत्रानेच मागे टाकलं होतं.

पण भाचीने बेडूक काढला तेव्हा काय झालं ते मी जवळून बघितलं. पहिल्या पट्टीत तिने बेडूक सरळ वर नेला आणि सरळ खाली आणला, आणि तो लिफ्टसारखा दिसत होता. मग ती स्वतः उठून हॉलमध्ये तीन-चार वेळा उडी मारून आली. मग तिने उडीच्या आधीच्या दोन चित्रांत बेडूक खाली दाबलेला काढला, वर जाताना लांबवला, आणि सगळ्यात वरच्या जागी जवळजवळ सारखीच दोन चित्रं काढली, म्हणजे तो वर क्षणभर रेंगाळला. कोणी शिकवलं नव्हतं. परत फिरवलं तर बेडूक जिवंत झाला होता. कुठे दाबायचं, कुठे रेंगाळायचं, हे ठरवणं म्हणजेच अॅनिमेशन, आणि रेनो पडद्यामागे बसून हातांनी हेच ठरवत होता. कोर्स कुठलाही लावा, तिथे शेवटी हेच शिकवतात. भावोजी काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी त्यांनीच तिला स्टेशनरीवाल्याकडून दुकानात बिलाला वापरतात तो कागदाचा रोल आणून दिला, कारण तिला आता बारा चित्रं पुरत नव्हती.

रोल दोन पेन्सिलींवर गुंडाळलाय, बुटाच्या खोक्याला खिडकी कापून त्यातून ओढायचा. हलताना नीट दिसत नाही अजून, ते मेलगाडीच्या खिडक्यांसारखं होतं, त्याला काहीतरी करावं लागेल. पण काल फोन केला तेव्हा ती एक्केचाळिसाव्या चित्रावर होती आणि बेडूक तळ्याच्या काठापर्यंत पोचला होता.